उरल्यासुरल्याची ऊब

मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना मोताळा मागे पडला की राजूरचा घाट लागतो आणि डिसेंबरातल्या संध्याकाळी त्या घाटात वळणावळणाला हवा बदलत जाते. खाली पूर्णेचं सपाट काळंभोर खोरं, आणि वर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, जिल्ह्याचं गाव. इथली माणसं सगळा मुलूख या डोंगराच्या कडेवरूनच वाटून घेतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. सोयरीक जुळवतानासुद्धा ‘मुलगी घाटावरची की घाटाखालची’ हे आधी विचारलं जातं. उन्हाळ्यात घाटाखालच्यांना घाटावरच्यांचा हेवा वाटतो. हिवाळ्यात घाटावरचा माणूस अंग चोरून, कानाला मफलर गुंडाळून हिंडत असतो.

बर्फ इथं पडत नाही. पण कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला उतरलेला गारवा, मार्गशीर्ष-पौषात हाडात शिरणारी पहाट, आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाणारी थंडी, असा तीन-साडेतीन महिन्यांचा हिवाळा या घरांनी पिढ्यान् पिढ्या काढला आहे. बर्फाच्या मुलखात घर उबदार ठेवण्यासाठी एखादी मुख्य वस्तू असते. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’चे चाळीस दिवस सुरू झाले की फेरनच्या झग्याआत निखाऱ्यांची कांगडी येते, जपानी घरात कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या, रजईखाली सगळं कुटुंब पाय घालून बसतं. बुलढाण्याच्या घरात अशी एकच एक वस्तू दाखवता येत नाही. इथली ऊब मांडलेली असते. भिंत, सरपण, चूल, ताट, अंथरूण यांत ती थोडी थोडी वाटलेली असते, आणि तिचा प्रत्येक घटक कशाच्या तरी शेवटातून आलेला असतो: वेचून संपलेली कपाशी, शेंगा झोडून उरलेली तूर, नेसून विरलेलं लुगडं, स्वयंपाक आटोपल्यावरचे निखारे. या मांडणीकडे एखाद्या बंदिशीकडे पाहावं तसं, जागा न् जागा ओळखत पाहिलं पाहिजे.

आधी घर. घाटावरच्या खेड्यांत अजूनही जी थोडी धाब्याची घरं उभी आहेत, त्यांची भिंत हातानं मोजून पाहावी. दार उघडून उंबऱ्यावर उभं राहिलं तर चौकटीच्या खोलीतच एक माणूस मावतो, इतकी ती जाड असते. वर सागाचे सर, त्यांवर किलच्यांची दाटण, मग पाल्याचा थर आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. उन्हाळ्यात असं घर थंड राहतं, हे सगळेच सांगतात. हिवाळ्यातलं त्याचं काम जास्त बारकाईचं आहे. दिवसभर भिंतीच्या बाहेरच्या अंगावर ऊन पडतं; माती ते सावकाश पिऊन घेते, आणि ती धग भिंतीच्या आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. म्हणजे दुपारचं ऊन घराला मिळतं ते नेमकं गरज पडते तेव्हा. पातळ सिमेंटच्या स्लॅबला हा उशीर साधत नाही. ती दुपारी तापते आणि दिवेलागणीनंतर भराभर गार पडते. ज्या घरात चूल माजघराच्या भिंतीला लागून असते तिथं आणखी एक जागा पाहण्यासारखी असते. चुलीच्या पाठीमागचा भिंतीचा तो पट्टा माजघराच्या बाजूनं कोमट राहतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण बरोबर त्या पट्ट्याला लागून असतं. कुणी तसं ठरवून सांगितलेलं नसतं, पण ती जागा दुसरं कुणी घेत नाही.

सरपणाकडे बहुतेक पाहुण्यांचं लक्ष जात नाही. अंगणाच्या कडेला काटक्यांचा ढीग दिसतो, एवढंच. पण जाणत्या बाईचा ढीग एकच कधी नसतो. तुराट्या वेगळ्या, पऱ्हाट्या वेगळ्या, गोवऱ्यांचा कलवड वेगळा, आणि बाभळीची चार-दोन खोडं भिंतीच्या आडोशाला. तुराटी, म्हणजे तुरीचं वाळलेलं झाड, सरळ आणि हलकं. काडी लागली की भडकतं आणि बघता बघता संपतं. तिचं काम फक्त विस्तव धरवण्याचं. पऱ्हाटी, कपाशीचं झाड, तिच्यापेक्षा कठीण. तिचा जाळ तव्याखाली पसरतो आणि विझताना ती थोडे बारीक, लालचुटूक निखारे ठेवून जाते. भाकरीला पऱ्हाटीच हवी. गोवरीला जाळ जवळजवळ नसतोच, ती धुमसते. दुधाला आणि डाळीला ती. बाभूळ फोडायला त्रास, पण तिचा निखारा पहाटेपर्यंत टिकतो. स्वयंपाक करणारी बाई एका हातानं भाकरी थापत असताना दुसऱ्या हातानं न पाहता ढिगातली नेमकी काटकी ओढते, तेव्हा ती गॅसचं बटण फिरवण्याइतकंच अचूक काम करत असते. फक्त त्या बटणावर आकडे नसतात.

यातली एक गोष्ट सहज सुटून जाते. डिसेंबरात शेतातली कपाशी अजून उभी असते. शेवटची वेचणी व्हायची असते. तूरही शेंगांनी लगडलेली असते. मग चुलीत जळते ती पऱ्हाटी कुठली? मागच्या साली उपटलेली, उन्हाळाभर कडक वाळलेली, पावसाळ्यात झाकून ठेवलेली. यंदाच्या थंडीची सगळी ऊब गेल्या वर्षीच्या शेतातून येते. ज्या घरात ऐन पौषातही कोरडी पऱ्हाटी निघते, त्या घरातल्या बाईनं पाऊस येण्याआधीच हिवाळ्याचा विचार केलेला असतो. मला घराची श्रीमंती या ढिगावरून जास्त कळते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घाटावर सोयाबीन पसरलं आणि तेवढी कपाशी मागे हटली. त्याचा परिणाम बाजारभावात सगळे शोधतात. तो चुलीतही दिसतो. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, भुर्रकन पेटतं आणि मागे निखारा ठेवत नाही. पीक बदललं तसा विस्तवाचा स्वभाव बदलला, आणि विस्तवाच्या स्वभावावर बेतलेला स्वयंपाकही.

आता चूल. काळी माती, शेण आणि कुटार मळून घातलेली चूल पाहताना नजर आधी तिच्या वैलाकडे न्यावी. मुख्य तोंडाच्या बाजूला, आतून एका भोकानं जोडलेलं हे दुसरं तोंड. त्याच्याखाली वेगळा जाळ नसतो. तव्याला भिडून पुढं निघालेली ज्वाळा त्या भोकातून वैलात शिरते आणि तिथं ठेवलेलं पातेलं संथपणे शिजवते. भोक मोठं ठेवलं तर तवा तापत नाही. लहान ठेवलं तर वैल नुसता धुरकटतो. चूल घालणारी बाई ओल्या मातीत आपली मूठ फिरवून हे माप ठरवते. एकाच जाळातून मग तव्यावर भाकरी, वैलावर वरण किंवा दूध, आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी राहिलेली अर्धी भाजलेली भाकरी अशी तीन कामं एका वेळी चालतात. स्वयंपाक झाल्यावर गरम राखेत एखादं रताळं किंवा अख्खा कांदा सरकवला जातो. सगळ्यात शेवटी उरलेले निखारे राखेत झाकून ठेवायचे. त्यात कसब आहे. राख कमी पडली तर निखारा रात्रीतच जळून जातो, आणि दाबून भरली तर गुदमरून विझतो. पहाटे सून उठते, राख बाजूला सारते, दोन तुराट्या ठेवून फुंकणीनं फुंकर घालते आणि पहिला चहा काडी न ओढता होतो. विस्तव मेला असेल तर आतून सासूचा आवाज येतो, ‘काहून वं माय, इस्तव झाकला नव्हता का रातच्याला?’ थंड पडलेली राख भांडी घासायला जाते, आणि तिच्यातलीच चाळून घेतलेली थोडी बियाण्याच्या कडधान्याला चोळून ठेवतात, कीड लागू नये म्हणून. एवढं जळून झाल्यावरही काही फेकायचं उरत नाही.

धुराबद्दल बोललंच पाहिजे, कारण या चुलीची स्तुती तिच्यासमोर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांना विसरून करणं अन्याय आहे. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घराघरात सिलिंडर पोचला, आणि ते फार बरं झालं. आज बहुतेक घरांत चहा, भाजी गॅसवर होते आणि चूल घराबाहेर, अंगणात किंवा पडवीत सरकली आहे. भाकरी, आंघोळीचं पाणी आणि भरीत एवढी कामं तिच्याकडे उरली आहेत. मला ही वाटणी चांगली वाटते. धूर उघड्यावर गेला आणि चुलीचं जे खरोखर उत्तम होतं ते तिच्याकडे राहिलं.

त्या उत्तमातलं पहिलं म्हणजे कळण्याची भाकरी. घाटाखाली, खानदेशाला लागून असलेल्या मलकापूर-जळगाव जामोदच्या पट्ट्यात ती हिवाळ्याची राणी आहे. ज्वारीत अख्खे, सालासकट उडीद मिसळायचे, साधारण चार वाट्यांना एक, त्यातच मीठ घालून दळून आणायचं. उडदाच्या काळ्या सालांमुळे पिठाला करडा रंग येतो आणि बारीक काळे ठिपके दिसतात. ज्वारीचं पीठ मळताना चिकटपणा आणण्यासाठी गरम पाणी लागतं, तळव्याचा जोर लागतो. इथं तो चिकटपणा उडीदच देतो, म्हणून ही भाकरी कडेला चिरत नाही आणि गार झाल्यावरही मऊ राहते. ती परातीत थापताना हाताकडे नीट पाहावं. बोटांचा दाब कडेला असतो, तळवा मधे फक्त फिरतो. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी सुकण्याच्या बेतात आलं की उलटायची, आधी नाही आणि नंतरही नाही. पाणी पूर्ण सुकू दिलं तर वरचा थर तडकतो. मग तव्यावरून उतरवून निखाऱ्यासमोर उभी करायची, की ती हळूहळू फुगते आणि पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्याला बोटानं भोक पाडून आत कच्चं तेल सोडायचं, वर तिखट-मीठ भुरभुरवायचं. उडदाचा जडपणा, तेलाचा ओशटपणा आणि तिखटाची झिणझिणी हे तिन्ही अंगात उष्णता ठेवणारे. आजीच्या भाषेत ‘ही भाकर पोटात शेकोटी पेटवते’.

तिच्या शेजारी भरीत. देव्हाऱ्याचं पंचांग आणि स्वयंपाकघराचं पंचांग इथं किती सुंदर जुळतं ते बघा. चातुर्मासात ज्यांच्याकडे वांगं आणि कांदा वर्ज्य असतो, त्यांच्या घरी तो मोकळा होतो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात. त्या नैवेद्यात रोडगा असतो, वांग्याचं भरीत असतं, कांद्याची पात असते. नेमक्या याच दिवसांत थंडीनं वांग्याला गर भरतो, त्यात बिया कमी राहतात, आणि शेतात कांद्याची पात कोवळी असते. भरताचं वांगं गॅसवर भाजता येतं, पण ते शिजतं, भाजत नाही. पऱ्हाट्यांचा मोकळा जाळ करून त्यात वांगी टाकली की साल करपून कडक होते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत मऊ होतो. सालीतून झिरपलेला धुराचा वास त्याला चिकटून राहतो. साल काढताना वांगं पाण्याखाली धरायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर निम्मं भरीत साधलं. धुतलं की तो वास गेला. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी दांड्यानं ठेचून, त्यात गर, वर चिरलेली पात, शेंगदाणे, आणि शेवटी तेलाची फोडणी. मिरची मिक्सरमधून काढली तर तिखटपणा सगळीकडे सारखा पसरतो. ठेचलेली असली तर कुठल्या घासात ती भेटेल ते सांगता येत नाही, आणि भरताची गंमत त्या अनिश्चिततेत आहे.

घाटावरच्या ताटात या दिवसांत सोले हवेतच. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून काढलेले दाणे ते सोले. दाणे थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतून, जाडसर कुटून केलेली त्यांची आमटी वाटीत घेतली की आधी वास येतो, चव नंतर. सगळे दाणे कुटत नाहीत. मूठभर अख्खे ठेवतात, म्हणजे दाटपणाही येतो आणि दाताखाली हिरवा दाणाही सापडतो. दुपारी ओसरीवर उन्हात पाठ करून बसलेल्या बाया शेंगा सोलत असतात, तेव्हा सुपात दाणे पडतात आणि सालं बैलांपुढे जातात. संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं पातेलं मधे ठेवून सगळं घर भोवती बसतं. कुणी वाढायचं नाही, ज्यानं त्यानं सोलून खायचं. बोलणं आपोआप लांबतं, कारण हात गुंतलेले असतात.

लाडवांची यादी मी इथं देत नाही. डिंक, मेथी, अळीव सर्वांना ठाऊक आहेत. फक्त गोडंबीपाशी क्षणभर थांबावं. बिब्ब्याच्या फळातला हा पांढरा गर. त्याच्या टरफलातलं काळं तेल कातडीवर पडलं तर फोड येतात, आणि तो गर काढणाऱ्या बायांचे हात वर्षभर त्या डागांनी भरलेले असतात. बाळंतिणीच्या लाडवात आपण जो मऊ, गोडसर तुकडा चावतो त्यामागे ते हात आहेत.

आंघोळीचा बंब आता अंगणात कमी दिसतो, माळ्यावर जास्त. तांब्याच्या या उंच नळकांड्याच्या पोटातून मधोमध दुसरी नळी जाते. तिच्यात जाळ, भोवती पाणी. धूर वर निघून जातो, राख खालच्या जाळीतून पडते, आणि पाणी चारही बाजूंनी तापतं. जुन्या पद्धतीच्या बंबात नळ नसतो. वरच्या नरसाळ्यातून जेवढं थंड पाणी ओतावं तेवढंच गरम पाणी दुसऱ्या तोटीतून बाहेर येतं, कारण ओतलेलं पाणी थेट तळाशी जातं आणि वरचं तापलेलं पाणी पुढं ढकलतं. म्हणजे बंब कधी रिकामा होत नाही आणि रिकामा जाळला जाण्याची भीती नाही. ज्यानं गरम पाणी घेतलं त्यानं तेवढं थंड ओतलेलंच असतं, त्यामुळे मागून येणाऱ्याचं पाणी आपोआप चढलेलं असतं. एकत्र कुटुंबाची शिस्त इतक्या मुकाट्यानं पाळून घेणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

शेकोटी घराची नाही, गल्लीची. पहाटे दूध घालून आलेले, रात्री शेताला पाणी द्यायला गेलेले आणि सकाळी एसटीची वाट पाहणारे तिच्याभोवती जमतात. जळण जमेल ते: ज्वारीची धसकटं, पालापाचोळा, जुन्या टोपलीचा सांगाडा. येणारा प्रत्येकजण वाटेत काहीतरी उचलून आणतो. रिकाम्या हातानं आलेल्याला कुणी हटकत नाही, पण तो स्वतःच मागच्या रांगेत उभा राहतो. जानेवारीत 12 तारखेला जयंतीसाठी जिजाऊंच्या जन्मस्थानी, सिंदखेड राजाला निघालेली माणसं पहाटेच्या अशा कितीतरी शेकोट्यांपाशी थांबून हात शेकत पुढं जातात.

आणि आता गोधडी. बाकी सगळं दिवसाचं, रात्र तिची.

जुनी, खऱ्या अर्थानं जुनी गोधडी हातात घेतली की तिची वरची बाजू पाहून ठेवून देऊ नका. एक कोपरा उचलून कडेकडे पाहा. तिथं थर दिसतात. वरचा आणि खालचा थर धडधाकट कापडाचा. मधे अगदी विरलेली, जाळीदार झालेली धोतरं, लुगड्यांचे बसून फाटलेले भाग. सगळ्यात झिजलेलं कापड सर्वांत आत, जिथं त्याला घर्षण नाही, आणि मजबूत कापड बाहेर. लुगड्याचे काठ सहसा कापून वेगळे ठेवतात, कारण काठाची वीण दाट असते आणि तो शेवटपर्यंत टिकतो. चारही बाजूंनी गोठ म्हणून तोच मुडपून लावलेला असतो. ज्या घरात नऊवारी नेसणारी आजी होती तिथल्या गोधडीच्या कडेवरून तिच्या लुगड्यांचे रंग सांगता येतात.

मग टाक्यांकडे या. धावदोरा, बाकी काही नाही. पण तो कुठून कुठं जातो ते बोटानं माग काढत पाहावं. कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेला समांतर धावतो, कोपऱ्यावर वळतो, पुन्हा कडेला समांतर, आणि असा आत आत येत शेवटी मधल्या छोट्या चौकोनात संपतो. याचं कारण शिवणाऱ्या बाईच्या बसण्यात आहे. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून, चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा असं काहीतरी जड ठेवून ताणून घेतात. मग बाई कडेला बसते आणि आत सरकत जाते. बाहेरून आत आलं की थर जागच्या जागी बसतात. दोन ओळींतलं अंतर साधारण एका बोटाचं. अंतर वाढलं की आतली विरलेली चिंधी धुताना गोळा होते. दोरा किंचित ओढून घेतल्यामुळे प्रत्येक दोन ओळींमध्ये कापडाला बारीक सुरकुती पडते, लांबून ती शोभेची वाटते. खरं तर तिच्यात हवा अडकते. ऊब कापडातून येत नाही. कापडांच्या थरांमध्ये स्थिर राहिलेल्या हवेतून येते, आणि या सुरकुत्या त्या हवेला हलू देत नाहीत. कुणी न शिकवता साधलेली ही रचना आहे.

दोघी-तिघी बाया एकाच गोधडीवर बसल्या असतील तर तेही ओळखता येतं. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा त्याच्या दुप्पट. कुठं ओळ सरळ, कुठं किंचित ढळलेली. जिथं दोघींच्या ओळी भेटतात तिथं टाक्यांची लांबी बदलते आणि पुढं एकसारखी होते. मोठ्या टाक्याची बाई शेजारणीचं पाहून सावरलेली असते.

चांगल्या गोधडीची दुरुस्ती उसवून होत नाही. वरचं कापड फाटलं की त्याच्यावरच नवं लुगडं घालून पुन्हा टाके मारतात. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत ती जाड आणि जड होत जाते, आणि हा जडपणा झोपणाऱ्याला हवा असतो. अंगावर वजन आलं की लेकरू लवकर झोपतं. बाळासाठी उलट. त्याच्या दुपट्याला घरातलं सर्वांत जास्त धुतलेलं लुगडं निवडतात, कारण इतक्या धुण्यांनंतर त्या सुतात टोचणारं काही उरलेलं नसतं. दोनच थर, टाके अगदी बारीक, आणि गाठ कधीही आतल्या, अंगाकडच्या बाजूला येऊ द्यायची नाही. दुपटं उलटून गाठी कुठं आहेत ते पाहिलं की शिवणारीचं काम कळतं.

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात गोधडीत कापूस का नसतो, असं कुणाला वाटेल. खामगाव एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ होती; तिच्यासाठी 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला गेला. पण पिकवलेला कापूस विकायचा असतो. गादी, रजई करणारा पिंजारी दारावर यायचा, त्याच्या धनुकलीच्या तातीचा टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा, आणि बहुतेक घरांत तो लग्नकार्याच्याच वेळी थांबायचा. एरवी शेतातला कापूस बाजाराला, आणि त्याच कापसाचं कधीतरी सूत होऊन, लुगडं होऊन, नेसून विरल्यावर घरी उरलेलं कापड गोधडीला. फिरून तो परत येतो, एवढंच.

सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून कृत्रिम धाग्याच्या साड्या घराघरात आल्या आणि त्यांच्याही गोधड्या झाल्या. रंग झळाळतात, पण थर एकमेकांवर सरकतात, टाका ओढला जातो, आणि घाम शोषला जात नाही म्हणून मध्यरात्री ती अंगावरून फेकावीशी वाटते. आता पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत ठिगळांच्या देखण्या गोधड्या मिळतात, मशीनवर शिवलेल्या. त्यांच्याशी भांडण नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: सुती, हातानं शिवलेली आणि निदान दोनदा दुरुस्त झालेली गोधडी हीच पहिल्या प्रतीची.

तिची निगा राखण्याचीही एक वेळ ठरलेली आहे. नवरात्राचे घट बसण्याआधी घराघरात दसरा काढतात. सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर, विहिरीवर नेऊन आपटून धुतात आणि भाद्रपदाच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवतात. ओली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी लागते, इतकी जड. पण त्यामुळे थंडीचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा ती स्वच्छ, कडकडीत वाळलेली आणि घडी घालून तयार असते.

तुमच्या घरी ट्रंकेत किंवा माळ्यावर अशी एखादी सुती गोधडी पडून असेल, तर ती कुणाला देऊन टाकू नका आणि वॉशिंग मशीनमध्येही घालू नका. भिजून जड झालेले थर त्यात फाटतात. हातानं धुवा, दोन्ही बाजूंनी ऊन द्या, फाटलं असेल तिथं सुती कापडाचंच ठिगळ लावा. आणि जिनं ती शिवली ती हयात असेल तर तिला शेजारी बसवून कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या धोतराचा, ते विचारून घ्या आणि त्याच हिवाळ्यात लिहून ठेवा.